पादुआची भिंत : जांघेतील हर्निया आणि त्याच्या दुरुस्तीचा इतिहास

मानवी पोटाची पुढची भिंत बरगड्यांपासून कटीरापर्यंत स्नायू आणि कंडरा यांच्या एकावर एक थरांनी बनलेली असली, तरी जांघेच्या किंचित वर, दोन्ही बाजूंना, तिच्यातून एक तिरकी वाट गेलेली असते. शरीररचनाशास्त्रात या वाटेला वंक्षण नलिका म्हणतात. सुमारे ४ सेंटिमीटर लांबीच्या या नलिकेचे आतले तोंड भिंतीच्या सर्वांत खोल थरात आणि बाहेरचे तोंड सर्वांत वरच्या थरात असते. पुरुषांमध्ये वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि वीर्यवाहिनी यांना एकत्र गुंडाळून नेणारा रेतरज्जू तिच्यातून बाहेर पडतो, तर स्त्रियांमध्ये गर्भाशयाला आधार देणारा एक बारीक बंध. गर्भावस्थेत वृषण पोटाच्या पोकळीत, मूत्रपिंडांच्या खालच्या अंगाला तयार होतात आणि जन्मापूर्वी याच वाटेने खाली उतरताना पोटाच्या आतल्या नाजूक अस्तराची, म्हणजे पर्युदराची, एक नळी आपल्यासोबत ओढून नेतात. ही नळी जन्माच्या सुमारास बुजली नाही, तर आतड्याला खाली उतरण्याची तयार वाट मिळते आणि ते आतल्या तोंडातून शिरून नलिकेच्या लांबीने पुढे सरकते; याला तिरका हर्निया म्हणतात. दुसरा प्रकार उतारवयातला. त्यात नलिकेची मागची भिंतच झिजून सैल पडते आणि आतडे किंवा चरबी तिला ढकलत सरळ समोर येते, म्हणून तो सरळ हर्निया. दोहोंची सीमा पोटाच्या भिंतीतून वर जाणाऱ्या एका रक्तवाहिनीने आखून दिलेली असते : तिच्या बाहेरच्या अंगाला तिरका, आतल्या अंगाला सरळ.

मराठी वैद्यकीय लेखनात अंतर्गळ या नावाने ओळखला जाणारा हा विकार दुर्मीळ नाही. सुमारे चारांतील एका पुरुषाला आयुष्यात कधी ना कधी तो होतो, स्त्रियांमध्ये मात्र त्याचे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास राहते. बहुतेकांना तो खोकताना, जड उचलताना किंवा दिवसभर उभे राहिल्यावर जांघेत येणारा आणि आडवे झाल्यावर आत जाणारा एक फुगवटा म्हणून जाणवतो. धोका निराळाच असतो. बाहेर आलेले आतडे अरुंद तोंडात अडकून बसले की प्रथम त्यातला मार्ग बंद होतो, मग रक्तपुरवठा तुटतो, आतड्याला कोथ होतो, म्हणजे ते कुजू लागते, आणि वेळीच शस्त्रक्रिया झाली नाही तर रुग्ण दगावतो. शल्यचिकित्सेच्या इतिहासात या विकाराला मिळालेले स्थान या दुहेरी स्वरूपामुळे आहे : वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहणारी गाठ एखाद्या रात्री प्राणावर बेतू शकते, आणि म्हणून ती नुसती आत ढकलून भागत नाही, तिची वाट कायमची बंद करावी लागते. ती कशी करावी, हे कळायला दोन हजार वर्षे लागली.

प्राचीनांना विकार चांगला ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत वृद्धी या रोगवर्गाचे सात प्रकार सांगितलेले असून त्यांत पाण्याने होणारी मूत्रवृद्धी आणि आतडे उतरल्याने होणारी आंत्रवृद्धी यांना स्पष्टपणे वेगळे केले आहे; पहिलीतले पाणी उपकरणाने छेद घेऊन काढावे, दुसरी जांघेतच असेल तर तापवलेल्या शलाकेने तिथे डाग द्यावा, आणि ती वृषणकोशात उतरली असेल तर वैद्याने तिच्या वाटेस जाऊ नये, असा तिथला सल्ला आहे. डागाचा हेतू उघड होता. भाजलेल्या जागी कडक व्रण धरतो आणि तो वाट आवळून धरील, अशी ती अपेक्षा होती. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार केल्ससने शस्त्रक्रियेचे वर्णन करताना शक्यतो वृषण राखण्याकडे लक्ष दिले. पुढे मध्ययुगीन युरोपात मात्र गावोगाव हिंडणारे हर्निया कापणारे वृषणासकट सगळे बांधून काढून टाकू लागले, आणि हाच त्या धंद्याचा नेहमीचा रिवाज झाला. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आंब्रोआझ पारे याने या सरसकट खच्चीकरणाला विरोध केला. त्याच शतकात, १५५९ मध्ये, लिंडाऊ येथील कास्पार श्ट्रोमायर या शल्यकाने एका सचित्र हस्तलिखितात तिरका आणि सरळ असे दोन हर्निया ओळखून, दुसऱ्यात वृषण काढण्याचे काहीच कारण नाही असे लिहिले; परंतु ते हस्तलिखित विसाव्या शतकापर्यंत छापलेच गेले नाही, आणि ज्यांना त्याचा उपयोग झाला असता त्यांच्या हाती ते कधी पडले नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून शवविच्छेदनाने हा विषय पालटला. लंडनच्या अ‍ॅस्टली कूपरने १८०४ मध्ये आणि पुढे १८०७ मध्ये हर्नियावरील आपल्या ग्रंथाचे दोन भाग काढले, आणि त्यात पोटाच्या स्नायूंच्या आतून गेलेल्या एका पातळ पण चिवट पडद्याचे वर्णन करून त्याला नाव दिले. हा पडदा, म्हणजे अनुप्रस्थ प्रावरणी, या सगळ्या इतिहासाचा खरा नायक आहे. वंक्षण नलिकेची मागची भिंत मुख्यतः त्याचीच असते आणि नलिकेचे आतले तोंड म्हणजे त्यातलेच एक छिद्र. वुर्झबुर्गच्या फ्रान्झ हेसेलबाखने सरळ हर्निया ज्या कमकुवत त्रिकोणातून फुटतो तो त्रिकोण रेखून दाखवला, आणि उत्तर इटलीत पाविया येथे अंतोनिओ स्कार्पाने १८०९ मध्ये हर्नियावरील भव्य चित्रमय ग्रंथ प्रसिद्ध केला. असे असूनही रुग्णाच्या पदरी काही पडले नाही. अडकलेला हर्निया सोडवणे एवढ्यापुरतीच शस्त्रक्रिया होत असे; बाकीच्यांना कमरेभोवती बांधायचा, जांघेवर गादी दाबून धरणारा लोखंडी स्प्रिंगचा पट्टा दिला जाई. लंडनमध्ये तर १८०७ साली गरिबांना असे पट्टे पुरवण्यासाठी स्वतंत्र संस्था निघाली, यावरून श्रमजीवी वर्गात हा विकार किती पसरलेला होता याची कल्पना येते.

१८४६ मध्ये बोस्टनला ईथरची भूल आली आणि १८६७ मध्ये जोसेफ लिस्टरने कार्बॉलिक आम्लाने जखम जंतूंपासून राखण्याची पद्धत मांडली, तेव्हा हर्नियावर सावकाश, थरामागून थर उघडत काम करणे प्रथमच शक्य झाले. एडिंबरोला लिस्टरकडे शिकून आलेल्या बोस्टनच्या हेन्री मार्सीने १८७१ मध्ये आतले तोंड कॅटगटच्या टाक्यांनी आवळल्याचे लिहिले. जर्मनीत चेर्नीने १८७७ मध्ये हर्नियाची पिशवी खाली ओढून तिची मान बाहेरच्या तोंडाशी बांधून कापण्याची रीत सांगितली. या सगळ्यांमागची समजूत साधारण सारखी होती : पिशवी हा रोग, ती काढली की रोग गेला. लहान मुलांच्या बाबतीत ती बरोबर आहे, कारण त्यांची भिंत धडधाकट असते आणि न बुजलेली नळी हाच सगळा दोष असतो. आजही बाळाच्या हर्नियात पिशवी बांधून कापण्यापलीकडे काही करावे लागत नाही. प्रौढांच्या बाबतीत मात्र ती अर्धीच खरी होती. पिशवी निघून गेली तरी ती ज्या भगदाडातून आली ते उघडेच राहत असे, आणि रुग्णाला पुन्हा पट्टा बांधूनच घरी पाठवावे लागे. कित्येकांचा हर्निया वर्षभरात परत येई. व्हिएन्नातील टेओडोर बिल्रोट याने तर कंडरेइतका घट्ट आणि चिवट पदार्थ कृत्रिमरीत्या बनवता आला तरच हे कोडे सुटेल असे मत नोंदवून ठेवले होते, आणि त्याच्या हयातीत तसा पदार्थ दृष्टिपथात नव्हता.

बिल्रोटच्या विभागात काही काळ काढलेल्या इटालियनांपैकी एक एदोआर्दो बास्सिनी. १८४४ मध्ये पावियात जन्मलेल्या बास्सिनीने १८६६ मध्ये तिथेच वैद्यकाची पदवी घेतली, आणि लगेच दवाखाना थाटण्याऐवजी तो इटलीच्या एकीकरणाच्या लढ्यात गारिबाल्डीच्या बाजूने साधा पायदळ सैनिक म्हणून उतरला. रोम तेव्हा पोपच्या राज्यात होते. ते बंड करून मिळवावे या हेतूने एन्रिको काइरोली आणि त्याचा भाऊ जोव्हान्नी हे सुमारे सत्तर स्वयंसेवक घेऊन तिबेर नदीच्या वाटेने शहराच्या दारापर्यंत आले, आणि २३ ऑक्टोबर १८६७ रोजी व्हिल्ला ग्लोरी या टेकडीवर पोपच्या सैनिकांशी त्यांची गाठ पडली. एन्रिको तिथेच मारला गेला. बास्सिनीच्या उजव्या जांघेत संगीन घुसली, तो पकडला गेला, आणि जखमेतून आतड्यातील मळ बाहेर येऊ लागला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला, उंडुकाला, भोक पडले होते. पुढे काही महिन्यांनी सुटका होऊन तो पावियाला परतला आणि तिथे लुइजी पोर्ता या आपल्या गुरूच्या उपचाराखाली बरा झाला. पुढच्या काळात ज्या चार सेंटिमीटरवर त्याने आपले नाव कोरले, त्यांच्या अगदी लगतची ही जखम होती. चरित्रकारांना या योगायोगाचा मोह आवरत नाही आणि तो आवरावा असेही नाही, परंतु त्याने हर्नियाकडे वळण्याचे कारण म्हणून ती जखम पुढे करायला पुरावा लागतो आणि तो कुणी दिलेला नाही. त्याचे शिक्षण हे कारण पुरेसे आहे. व्हिएन्नात बिल्रोट, बर्लिनमध्ये लांगेनबेक, म्युनिकमध्ये नुसबाउम आणि इंग्लंडमध्ये खुद्द लिस्टर, अशा त्या काळच्या सर्व मोठ्या शस्त्रक्रियागृहांतून तो फिरून आला होता, आणि जंतुरोधक पद्धत इटलीत आणणाऱ्या पहिल्या काहींत त्याची गणना होते.

काही वर्षे ला स्पेत्सिया येथील रुग्णालयात काढून तो पादुआच्या विद्यापीठात आला आणि आयुष्यभर तिथेच राहिला. त्याने हर्नियाचा प्रश्न उलटा करून पाहिला. पिशवी बाजूला ठेवून, निरोगी माणसाची वंक्षण नलिका आतड्याला कशी अडवते, हे त्याने आधी विचारले, आणि उत्तर त्या तिरकेपणात सापडले : आतले तोंड आणि बाहेरचे तोंड समोरासमोर नसल्याने पोटातला दाब वाढला की नलिकेची मागची भिंत पुढच्या भिंतीवर दाबली जाते आणि वाट आपोआप मिटते. म्हणून शस्त्रक्रियेचे उद्दिष्ट नुसते भोक बुजवणे असू शकत नव्हते. दोन तोंडे आणि दोन भिंती असलेली तिरकी नलिका नव्याने बांधून द्यायची होती. १८८४ मध्ये त्याने पहिल्यांदा तशी शस्त्रक्रिया केली. तिच्या पायऱ्या पाहण्यासारख्या आहेत. जांघेवर तिरका छेद घेऊन तो पोटाच्या सर्वांत वरच्या कंडरापटलापर्यंत जाई आणि ते नलिकेच्या पूर्ण लांबीने उघडून रेतरज्जू उचलून बाजूला धरी. पिशवी रज्जूपासून सोडवून ती पार आतल्या तोंडापर्यंत मोकळी करी आणि तिथे बांधून कापी, म्हणजे पर्युदराचा उरलेला फुगाही आत सरके. मग मागची भिंत, म्हणजे कूपरची ती अनुप्रस्थ प्रावरणी, जघनास्थीपासून, म्हणजे पुढच्या बाजूच्या कटीरास्थीपासून, आतल्या तोंडापर्यंत उभी चिरी, आणि तिच्यासह आतल्या दोन स्नायूंच्या कडा असा तिहेरी थर रेशमाच्या सुट्या टाक्यांनी जांघेच्या बंधाला, म्हणजे नलिकेच्या तळाशी ताणलेल्या कंडरेच्या दोरीला, शिवी. रेतरज्जू या नव्या भिंतीवर परत ठेवी आणि वरून कंडरापटल मिटवी. अशा रीतीने रज्जूच्या मागे एक भिंत आणि पुढे एक भिंत तयार होई, आणि रुग्ण पट्ट्याशिवाय घरी जाई.

बास्सिनीच्या कामाचे दुसरे अंग त्याच्या टाक्यांइतकेच महत्त्वाचे होते, आणि ते बहुधा कमी सांगितले जाते. हर्नियाच्या शस्त्रक्रियेचे यश टेबलावर कळत नाही. जखम भरून रुग्ण चालू लागला तरी काही सिद्ध होत नाही, कारण भिंत फुटायची ती महिन्यांनी किंवा वर्षांनी, शेतात किंवा गोदीत ओझे उचलताना फुटते, आणि रुग्ण त्या वेळी शल्यकाच्या नजरेपासून शेकडो मैल दूर असतो. बास्सिनीने आपल्या रुग्णांचा घरापर्यंत माग ठेवला. १८८७ मध्ये जेनोआला इटालियन शल्यविशारदांच्या सभेत त्याने पद्धत मांडली, १८८९ मध्ये पादुआत तिच्यावर पुस्तक काढले आणि १८९० मध्ये जर्मन शल्यपत्रिकेत ती सर्व युरोपापुढे ठेवली, तेव्हा त्याच्या गाठी अडीचशेहून अधिक शस्त्रक्रिया होत्या, बहुतेकांचा पुढचा वृत्तान्त त्याच्याकडे होता, काहींचा चार वर्षांहून जास्त काळाचा, आणि हर्निया परत आल्याचे प्रमाण सुमारे तीन टक्के होते. ज्या काळात चांगल्या हातांचा निकालही याच्या कितीतरी पट वाईट असे, त्या काळात या आकड्यांनी खळबळ उडाली. बाल्टिमोरला विल्यम हाल्स्टेड त्याच सुमारास स्वतंत्रपणे जवळजवळ त्याच जागी पोचला होता; मार्सीने १८९२ मध्ये एक जाडजूड ग्रंथ काढून पहिला मान आपला असल्याचे सांगितले. मार्सीचे म्हणणे निराधार नव्हते. आतल्या तोंडाचे महत्त्व त्याने आधी ओळखले होते, परंतु नलिका पूर्ण उघडून मागची भिंत नव्याने बांधणे आणि मग शेकडो रुग्णांचा हिशेब देणे, हे दोन्ही बास्सिनीने केले.

यानंतर घडले ते चमत्कारिक आहे. बास्सिनीची शस्त्रक्रिया जगभर गेली, विशेषतः अटलांटिकपलीकडे फार लोकप्रिय झाली, आणि जाताना तिचा गाभाच गळून पडला. अनुप्रस्थ प्रावरणी उघडणे वेळखाऊ असते, तिच्या लगेच मागे मूत्राशय आणि मोठ्या रक्तवाहिन्या असतात, आणि नवशिक्याला तिथे हात घालण्याची भीती वाटते. म्हणून शल्यक ती तशीच ठेवून केवळ वरच्या स्नायूची कड ओढून खालच्या बंधाला शिवू लागले. पाठ्यपुस्तकांत या उथळ प्रकाराचेच चित्र बास्सिनीच्या नावाने छापले जाऊ लागले. झिजलेली मागची भिंत न तपासता तिच्यापुढे लाल स्नायूचा पडदा ओढायचा, आणि तोही ताण देऊन, म्हणजे टाके हळूहळू मांसातून चिरत जाणार हे ठरलेलेच. परिणामी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक ठिकाणी हर्निया परत येण्याचे प्रमाण पुन्हा दहा टक्क्यांच्या घरात किंवा वर गेले आणि दोष बास्सिनीच्या माथी आला. १९२४ मध्ये तो वारला. त्याचा जुना सहायक आत्तीलिओ कात्तेरीना याने १९३० च्या दशकात रंगीत चित्रांचा एक संग्रह छापून मूळ शस्त्रक्रिया पायरीपायरीने दाखवली, त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले, पण तोवर उथळ प्रकाराची सवय हातात भिनलेली होती. एखादी शस्त्रक्रिया नावाने जिवंत राहून कृतीने कशी मरू शकते, याचे वैद्यकाच्या इतिहासात इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

तिला पुन्हा उभे केले ते टोरंटोच्या एडवर्ड अर्ल शोल्डिसने. दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीला आलेल्या अनेक तरुणांना केवळ हर्नियामुळे परत पाठवले जात होते आणि रुग्णालयांत त्यांच्यासाठी खाटा नव्हत्या. शोल्डिसने त्यांच्यावर शस्त्रक्रिया सुरू केल्या आणि १९४५ मध्ये केवळ हर्नियासाठी स्वतःचे रुग्णालय काढले, जे पुढे शहराबाहेरच्या थॉर्नहिल येथे गेले आणि आजही तेच एक काम करते. त्याच्या पद्धतीत मागची भिंत पूर्ण उघडली जाते आणि तिचे दोन पदर एकावर एक चढवून चार ओळींत, बारीक पोलादी तारेने, अखंड शिवले जातात, त्यामुळे ताण एका टाक्यावर न येता सर्व लांबीवर वाटला जातो. भूल जागेपुरती. रुग्ण टेबलावरून उतरून स्वतः चालत जातो, आणि तोपर्यंत आठवडे अंथरुणात काढायला लावणाऱ्या वैद्यकाला हे धाडसाचे वाटले होते. त्या रुग्णालयानेही आपल्या जुन्या रुग्णांना दरवर्षी गाठून विचारण्याची शिस्त पाळली आणि हर्निया परत येण्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असल्याचे दाखवले. इतर ठिकाणी मात्र त्याच पद्धतीला तेवढे यश क्वचितच आले, कारण दिवसभर तेच काम करणाऱ्या हातांचे कसब वर्णनात उतरत नाही.

बिल्रोटने ज्याची इच्छा केली होती तो पदार्थ तोवर रसायनशाळेत तयार होत होता. मिलानमध्ये जूलिओ नात्ताने १९५४ मध्ये पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक सुव्यवस्थित साखळ्यांच्या रूपात मिळवले, ज्या शोधातील वाट्याबद्दल त्याला १९६३ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. टेक्सासमधील ह्यूस्टनच्या फ्रान्सिस अशरने १९५८ मध्ये पॉलिएथिलीनच्या धाग्यांची जाळी हर्नियात वापरल्याचे लिहिले आणि पुढे तो पॉलिप्रॉपिलीनकडे वळला. ही जाळी शरीरात कुजत नाही; तिच्या छिद्रांतून नव्या तंतूंची वाढ होते आणि काही आठवड्यांत ती भिंतीचाच भाग बनते. लॉस एंजेलिसच्या अर्व्हिंग लिख्टेनश्टाइनने या जाळीला शस्त्रक्रियेच्या केंद्रस्थानी आणले. त्याचे म्हणणे असे की ज्यांची भिंत झिजलेली आहे, त्यांचे मांस ओढून शिवणे म्हणजे जीर्ण कापडाला जीर्ण कापडाचे ठिगळ लावणे. त्यापेक्षा मागच्या भिंतीवर जाळी सपाट अंथरावी, रज्जूपुरती फट ठेवून कडेने टाके घालावेत आणि मांस मांसाच्या जागी राहू द्यावे. १९८९ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह सलग १,००० रुग्णांचा अहवाल दिला. सर्व जागेपुरत्या भुलेत, बहुतेक त्याच दिवशी घरी, आणि एक ते पाच वर्षांच्या पाठपुराव्यात एकाचाही हर्निया परत आलेला नव्हता. पुढच्या संशोधनात प्रौढ रुग्णांच्या कंडरांत भक्कम प्रकारच्या कोलॅजेनचे प्रमाण कमी असल्याचे दिसले, तेव्हा या तर्काला पेशींच्या पातळीवरचा आधार मिळाला, आणि धूम्रपान करणाऱ्यांत हर्निया परत येण्याचा कल अधिक का, याचेही उत्तर काही अंशी त्यातच सापडले. १९९० च्या दशकात हीच जाळी दुर्बिणीतून, पोटाच्या भिंतीच्या आतल्या बाजूने बसवणे सुरू झाले. दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा उघड्या शस्त्रक्रियेनंतर तो परत आला असेल, तर या दुर्बिणीच्या पद्धतीचा लाभ स्पष्ट आहे, रुग्णही लवकर कामावर जातो. मात्र शिकायला ती अवघड असून तिला पूर्ण भूल लागते.

जाळीने प्रश्न सोडवला तो तिची किंमत परवडणाऱ्यांसाठी. या कथेत महाराष्ट्र येतो तो इथे, आणि तोही धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा या लहानशा गावाच्या निमित्ताने. तिथे सर्जन म्हणून काम करणारे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्याकडे येणारे शेतकरी आणि मजूर यांना परदेशी जाळीचा खर्च झेपण्याजोगा नव्हता, आणि बाजारात मिळणारी मच्छरदाणी तर पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्याच धाग्यांची विणलेली होती. टोणगावकरांनी ती कापून, धुऊन, वाफेच्या दाबाने निर्जंतुक करून १९९० च्या दशकापासून हर्नियाच्या दुरुस्तीत वापरली, आणि इतर ठिकाणच्या शल्यविशारदांनाही ती वापरून पाहायला लावून २००३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरी या पत्रिकेत अनेक केंद्रांचा एकत्रित अहवाल दिला. डास अडवायची जाळी माणसाच्या पोटात घालण्याच्या कल्पनेवर नाके मुरडणे सोपे होते. त्यांच्या निष्कर्षाची कसोटी आफ्रिकेत लागली : पूर्व युगांडात ३०२ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून एकाला व्यापारी जाळी आणि दुसऱ्याला मच्छरदाणीची जाळी बसवण्यात आली आणि १ वर्षानंतर मच्छरदाणीच्या गटात फक्त एकाचा हर्निया परत आल्याचे दिसले, दुसऱ्या गटात एकाचाही नाही, आणि इतर उपद्रवांत दोन्ही गट सारखेच निघाले. स्वीडिश आणि युगांडी संशोधकांचा हा अहवाल २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. मच्छरदाणीच्या तुकड्याची किंमत व्यापारी जाळीच्या शंभराव्या भागाच्या आसपास पडत होती.

टोणगावकरांचे प्रयोग चालू असतानाच पुण्यात नेमका उलटा विचार चालू होता. कमला नेहरू रुग्णालयातील डॉ. मोहन देसर्डा यांनी जाळी न वापरता रुग्णाच्याच वरच्या कंडरापटलातून एक पट्टी, तिची दोन्ही टोके जोडलेली ठेवून, सोडवून घ्यायची आणि ती मागच्या भिंतीवर शिवायची, अशी पद्धत २००१ मध्ये मांडली. पट्टी जिवंत असल्याने आणि वरचा स्नायू तिला ओढत असल्याने भिंत श्रमाच्या वेळी आपोआप ताठ होते, असा त्यामागचा तर्क आहे, आणि तो बास्सिनीच्या मिटणाऱ्या नलिकेच्या कल्पनेपासून फार दूर नाही. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर झालेल्या तुलनेत ३ वर्षांनी हर्निया परत येण्याचे प्रमाण जाळीच्या पद्धतीइतकेच आढळले. ही पद्धत जगभरच्या शिफारशींत पहिल्या क्रमांकाला आलेली नाही, आणि दीर्घ पाठपुराव्याशिवाय ती तशी येऊही नये. परंतु जाळीचा पुरवठा नसलेल्या ठिकाणी तिचे अनुयायी वाढले आहेत.

हर्निया परत येण्याचे प्रमाण एवढे खाली आल्यावर शल्यकांचे लक्ष दुसऱ्या एका गोष्टीकडे गेले, जिची पूर्वी कुणी मोजदादच केली नव्हती : शस्त्रक्रियेनंतर महिनोन् महिने टिकणारी जांघेतली वेदना. नलिकेतून आणि तिच्या आसपास तीन बारीक मज्जातंतू जातात. ते टाक्यात सापडले, व्रणात गुंतले किंवा जाळीला चिकटले, तर सुमारे दहांतील एका रुग्णाला दीर्घकाळ दुखत राहते, आणि त्यातल्या थोड्यांना ते दुखणे काम सोडायला लावण्याइतके असते. स्वीडनने १९९२ पासून चालवलेल्या राष्ट्रीय हर्निया नोंदवहीत पुन्हा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियांबरोबर पुढे या वेदनेचाही माग ठेवला जाऊ लागला. त्यातूनच उलटा प्रश्न विचारला गेला की ज्याला काहीच त्रास होत नाही अशा पुरुषाच्या हर्नियाला हात लावावाच का. अमेरिकेत ७२० पुरुषांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नुसते लक्ष ठेवणाऱ्यांपैकी अचानक अडकण्याचा प्रसंग १,००० रुग्णवर्षांमागे २ पेक्षाही कमी जणांवर आला, आणि ही थांबण्याची वाट सुरक्षित ठरली. तिला अपवाद आहेत : जांघेच्या बंधाखालून, मांडीच्या मुळाशी उतरणारा हर्निया, जो स्त्रियांत अधिक होतो आणि फार चटकन अडकतो, त्याला थांबायला सवड नाही, आणि ज्याची गाठ आत जाईनाशी होऊन दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, त्याने तर तासही दवडू नये. संशोधकांनी त्या चाचणीतील पुरुषांचा पुढेही पिच्छा पुरवला. १० वर्षे होईपर्यंत, थांबायचे ठरवलेल्यांपैकी सुमारे ६८ टक्के पुरुष शस्त्रक्रिया करून घ्यायला आपण होऊन परत आले होते, आणि त्यातल्या बहुतेकांनी सांगितलेले कारण वाढत्या दुखण्याचे होते.